खोली बघायला आलेले गृहस्थ

"ते काही मला ठाऊक नाही."

हे वाक्य मी डोंबिवलीत आमच्या चाळीच्या ओट्यावर, चहाची कपबशी हातात असताना उच्चारलं. ते खोटं होतं. मला सगळं ठाऊक होतं. त्या एका वाक्याने शेजारच्या मुलीचं नाव खराब झालं. ते बोलून झाल्यावर मी बशीतला उरलेला चहा प्यायलो, हेही मला स्वच्छ आठवतं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला बजावत राहिलो की आपण जे बोललो ते खरंच होतं, आणि जे बोललो नाही त्याची जबाबदारी आपल्यावर नाही. मी शाळामास्तर. मुलांना खरं बोलायला शिकवता शिकवता खोटं बोलण्याच्या आडवाटाही मास्तराला नीट कळतात.

त्या वेळी स्टेशनपासून थोडं चाललं की भातखाचरं लागत. आमची चाळ एका आगरी कुटुंबाची होती. त्यांची खाडीकडची मिठागरं हातची गेली होती. राहिलेल्या जागेत त्यांनी कौलारू खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. मागे विहीर. खोल्यांमधल्या भिंती कुडाच्या आणि त्याही कौलांपर्यंत न पोचलेल्या. शेजारी फोडणीत काय पडलं ते आपल्याला कळे, आणि आपल्या घरात कोण रडलं ते शेजाऱ्यांना.

आमच्या शेजारी जे राहत त्यांना मी काका म्हणे. कल्याणला रेल्वेच्या यार्डात कामाला होते. आवाज मोठा, स्वभाव हट्टी, नाकाला कायम तपकीर. काकू अबोल. मुलगी एकुलती एक. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती, म्हणून दर दिवाळीत भाऊबीजेला ती मला ओवाळायची. दादा म्हणायची.

त्या काळी पत्रिका जुळली, मुलगी पाहून झाली, की शेवटची पायरी चौकशीची असे. मुलाकडचं कुणी वडीलधारं माणूस मुलीच्या घरी न कळवता तिच्या शेजारीपाजारी येई. सरळ विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ते खोली भाड्याने बघायच्या निमित्ताने येई. "इथे एखादी खोली रिकामी आहे का हो?" मग "शेजार कसा आहे?" मग "बाजूला कोण राहतं?" आणि शेवटी टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, "त्यांची एक मुलगी आहे म्हणे." धुतलेलं धोतर आणि बिनपावसाची छत्री बघून चाळीला लगेच कळे. विहिरीवरून मालकीणबाई ओरडे, "आलं गो, खोली बगनारं आलं!"

अशा माणसाला ओट्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि चांगलं तेवढंच सांगायचं, हा चाळीचा नियम. एकदा पलीकडच्या मुलीची सगळ्यांनी मिळून इतकी तारीफ केली की पाहुणा घाबरून उठला. म्हणाला, "अहो, पण मी खरंच खोली बघायला आलोय!" पुढे महिनाभर चाळ त्यावर हसत होती. मी हसत नव्हतो. मला तो सगळा प्रकार ढोंगीपणाचा वाटे. लग्नासारख्या गोष्टीत माणसाने खरं तेच सांगावं, असं मी शिक्षकांच्या खोलीतही ठासून म्हणत असे.

आता एक गोष्ट सांगतो, ती खरं तर आधी सांगायला हवी होती. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. रेशनचे दिवस. माझं लग्न झालं नव्हतं. घरात आई आणि मी. वडील मी लहान असतानाच गेलेले. आईला दिसायला कमी येऊ लागलं होतं आणि ती ते लपवत होती. एका दुपारी शाळेतून उपाशी आलो, तर त्या आठवड्याचा शेवटचा तांदूळ तिने चुलीवर करपवून ठेवलेला. मी ओरडलो. ती म्हणाली, "अरे, होतं कधी कधी." एवढंच. आणि माझा हात उठला.

उठला म्हणजे तिच्या गालावर पडला. आई ओरडली नाही. तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या त्या पदर सारखा करण्याने मी जागच्या जागी थिजलो. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. काका होते. माझं ओरडणं भिंतीपलीकडून ऐकून ते आधीच दारात आले असणार. ते "बास" म्हणाले, आणि आईकडे वळून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "वहिनी, आज आमच्याकडे जेवायला चला." ती गेली. मी एकटा बसून तो करपलेला भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठायच्या आत मी विहिरीवर गेलो आणि घरातलं सगळं पाणी भरलं. त्याला पश्चात्ताप म्हणणं मोठेपणाचं होईल. तिच्यासमोर उभं राहण्याची लाज वाटत होती आणि विहिरीवर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, एवढंच. पण मग ते रोजचंच झालं. आई जाईपर्यंत तिने पुन्हा घागर उचलली नाही. आम्ही दोघं त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही.

काकाही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण ते दिसले की माझं मनगट आपोआप आखडे. ज्याने आपल्याला आपल्या सगळ्यात वाईट क्षणी पाहिलं, त्याच्याविषयी कृतज्ञता वाटावी असं पुस्तकात असतं. मला राग आला. तो राग मी बरीच वर्षं जपून ठेवला, आणि तो राग आहे हे मलाच कळू दिलं नाही. पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. त्यानंतर थोड्याच काळात आई गेली. ती दुपार तिच्याबरोबर गेली, असं मी मनाशी धरून चाललो.

काकांची मुलगी अभ्यासात चांगली होती. बीजगणित शिकायला ती माझ्याकडे बसे. ती मॅट्रिकच्या वर्गात गेली आणि काकांनी ठरवलं, आता पुरे. तिचं नाव शाळेतून काढलं. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू आलं. ती म्हणत होती, "बाबा, एकच वर्ष राहिलंय." आणि काका म्हणत होते, "मी सांगतो ना, पुरे!" दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुणाला न सांगता घरातून निघून गेली. काका यार्डातून धावत आले. काकू देवासमोर बसून राहिल्या. दिवेलागणीला कल्याणची तिची मावशी तिला हाताला धरून घेऊन आली. मी विहिरीवर होतो. मुलीचे डोळे सुजलेले. मावशी माझ्याजवळ थांबली आणि मुद्दाम म्हणाली, "मास्तर, दुपारपासून माझ्याकडेच होती हो. एकटी आली आणि रडत बसली. कुणी काही बोललं तर तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाला किंमत आहे."

मी मान डोलावली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी ठाण्याचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा सरकारी नोकरीत, मुलगी त्यांना पसंत. काकू इतक्या बोलू लागल्या की आम्हांला आश्चर्य वाटलं. आणि एका रविवारी छत्री घेतलेले एक वयस्क गृहस्थ खोली बघायला आले. मुलाचे चुलते. चाळीने त्यांना माझ्याच ओट्यावर आणून बसवलं, कारण मास्तरांच्या शब्दाला किंमत.

त्या सकाळी एक क्षुल्लक गोष्ट घडली होती. कसल्याशा कारणाने मी बायकोवर ओरडत होतो आणि भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "मास्तर, जरा हळू." बस्स. मी गप्प झालो. पण आत काहीतरी उकळत राहिलं.

गृहस्थ म्हणाले, "मुलगी स्वभावाने कशी?"

"हुशार आहे," मी म्हणालो. "जरा तापट."

"तापट म्हणजे?"

"एकदा घरातून निघून गेली होती."

त्यांनी बशी खाली ठेवली. "निघून? कुणाबरोबर?"

बायको दारात उभी होती. समोर अंगणात मालकीणबाई मिरच्या वाळत घालत होती. मला मावशीचे शब्द आठवले नाहीत असं नाही. अगदी तिच्या आवाजात आठवले. आणि मी म्हणालो, "ते काही मला ठाऊक नाही."

गृहस्थ छत्री घेऊन उठले. मग म्हणाले, "तुम्ही खरं बोललात. आजकाल असं कुणी सांगत नाही." आणि मला त्या स्तुतीचं बरं वाटलं. हे लिहिताना मला स्वतःचीच भीती वाटते.

ते गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मावशीबाईंनी काय सांगितलं होतं तुम्हांला?" मी म्हणालो, "तू यात पडू नकोस."

ठाण्याहून निरोप आला, योग नाही. पुढे कल्याणचं एक स्थळ पाहून गेलं, परत आलं नाही. मग आणखी एक. मग येणंच थांबलं. काकू पूर्वीपेक्षा अबोल झाल्या. मुलीने घरी बसून अभ्यास केला आणि बाहेरून मॅट्रिकला बसली. या वेळी काका नाही म्हणाले नाहीत. ती पास झाली, एका प्राथमिक शाळेत लागली. दर भाऊबीजेला ती मला ओवाळत राहिली. मी पाटावर बसायचो, ती निरांजन फिरवायची, आणि मी ज्योतीकडे बघायचो, तिच्याकडे नाही.

अशी काही वर्षं गेली. मी निश्चिंत होतो असं म्हणता येणार नाही. पण माणूस कशावरही झोपू शकतो.

एका उन्हाळ्यात माझे सासरे मुरबाडहून आले. दुपारचा चहा घेत आम्ही ओट्यावर बसलो होतो. काका समोरून गेले, थांबले, सासऱ्यांना तपकिरीची डबी पुढे केली, चार शब्द बोलले आणि गेले. त्यांच्या पाठीकडे पाहत सासरे म्हणाले, "या माणसाने सांगितलं म्हणून मी तुम्हांला मुलगी दिली, बरं का."

मला ते गमतीचं वाटलं. "म्हणजे तुम्हीही आला होतात? खोली बघायला?"

"तर! छत्रीसुद्धा आणली होती." ते हसले. "सगळी चाळ म्हणे मुलगा हिरा आहे. मला संशय आला. मग हे भेटले. हे म्हणाले, मुलगा तापट आहे. एकदा आईच्या अंगावर हात टाकलान. मी डोळ्यांनी पाहिलंय."

माझ्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला. तो गरम होता की गार, मला सांगता येणार नाही.

सासरे बोलतच होते. त्यांना वाटलं असावं, इतक्या वर्षांनी त्यात काय. "म्हणाले, पाहिलंय म्हणून मीच सांगतो, दुसऱ्या कुणाकडून अर्धं कळायला नको. त्या दिवसापासून म्हातारीला त्याने एकदाही विहिरीवर जाऊ दिलेलं नाही. राग येतो, पण लाजही येते त्याला. ज्याला लाज येते त्याला मुलगी द्यायला हरकत नाही. बाकी तुम्ही बघा. मी घरी जाऊन पोरीला तसंच सांगितलं."

मी दाराकडे पाहिलं. बायको तिथे उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी तरी सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली आणि सांडलेला चहा पुसायला फडकं आणायला आत गेली.

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे. जे मी सगळ्यांपासून लपवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, हा एक धक्का. पण त्याहून मोठा दुसरा होता. त्याच चाळीत, तसल्याच छत्रीवाल्या माणसाला, दोन माणसांनी शेजाऱ्याची खोट सांगितली होती. एकाने पूर्ण सांगितली. त्यामुळे माझा संसार उभा राहिला. दुसऱ्याने अर्धी सांगितली, आणि तो दुसरा मी. ढोंगाचा तिटकारा असलेला मी.

सासरे आत जाऊन आडवे झाल्यावर मी शेजारी गेलो. काका बाजेवर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मावशीचे शब्द, छत्रीवाले गृहस्थ, ते वाक्य. सांगताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. मला वाटलं ते उठतील, मनगट धरतील. मला तेच हवं होतं.

काका म्हणाले, "मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मध्यस्थाने सांगितलं."

"मग तुम्ही काही बोलला कसे नाहीत?"

"काय बोलणार? मी तिची शाळा बंद केली नसती, तर ती गेली असती का?" त्यांनी डबी उघडली आणि तपकीर न घेताच बंद केली. "पहिली खोट माझी, मास्तर. तुमची त्याच्यावरची. बसा."

मी बसलो. मला रडू येत होतं आणि, खरं सांगतो, त्यात सुटल्याचं समाधानही होतं. इतक्यात आतल्या दाराशी आवाज झाला. मुलगी तिथे उभी होती. सुट्टी होती, ती घरीच होती. मला भानच राहिलं नव्हतं.

"म्हणजे हे होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या तोंडातच काही आहे, की लोक येतात, बघतात आणि जातात." ती बापाकडे वळली. "आणि बाबा, तुम्हांला ठाऊक होतं? मी दरवर्षी यांना ओवाळत होते, तुम्ही बघत होतात!"

"अगं, तुला त्रास होईल म्हणून..."

"तुम्ही दोघं एकमेकांना माफ करून मोकळे झालात. छान. माझं काय?"

मी तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागे सरली. "ते नको, मास्तर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला मास्तर म्हटलं. "मला सांगून काय होणार? मी कुठे गेले होते ते मला ठाऊक आहे. ज्यांना तुम्ही सांगितलंत, त्यांना जाऊन सांगा. आणि ज्यांच्यादेखत सांगितलंत, त्यांच्यादेखत."

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याला गेलो. पत्ता काकांनीच दिला. खोपटकडच्या एका बैठ्या घरात ते गृहस्थ राहत होते, आता खूप म्हातारे झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी आठवण दिली. मग म्हणाले, "हां, हां. खरं बोलणारे मास्तर."

मी त्यांना सांगितलं की मी खोटं बोललो होतो. मुलगी एकटी गेली होती, सख्ख्या मावशीकडे, आणि मावशीने मला त्याच दिवशी तसं सांगितलं होतं.

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग येईल असं मला वाटलं होतं; ते घाबरले. "पण मी..." ते म्हणाले, "मी लोकांना सांगितलं की ती कुणाबरोबर तरी पळाली होती. कल्याणच्या मंडळींनी विचारलं, त्यांना सांगितलं. आणखीही एका घरी. तुम्ही तर तसं म्हणाला नव्हतात."

"नव्हतो."

"मग मी कुठून आणलं ते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू उत्तर मला ठाऊक असावं. ते मला ठाऊक होतं. मी जागा मोकळी सोडली होती, ती त्यांनी भरली होती. त्यांच्यावर रागावणं मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्याकडे बघताना मला मीच दिसत होतो. ज्या घरी बोललो तिथे जाऊन सांगेन, असं ते म्हणाले. गेले की नाही, मी विचारलं नाही. त्याच्यापुढचं काम माझं होतं.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. ती वेळ मी मुद्दाम निवडली; तेव्हा सगळ्या खोल्यांतल्या बायका पाण्याला असतात. मालकीणबाई रहाटाशी होती. माझी बायकोही होती. काका दात घासत उभे होते. काकांची मुलगी घागर भरायच्या आपल्या पाळीची वाट बघत होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तेवढ्या मोठ्याने बोललो. रहाट थांबला.

"शाळेवरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू एकटी गेली होतीस. मावशीकडे गेली होतीस. संध्याकाळी मावशी इथेच, या विहिरीपाशी, मला तसं सांगून गेली आणि लोकांना सांगा म्हणाली. ठाण्याचे गृहस्थ आले तेव्हा मी म्हणालो, मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. तुझ्या वडिलांनी मला माझ्या आईवर हात टाकताना पाहिलं होतं. त्या शरमेचा राग मी तुझ्यावर काढला. माझं चुकलं. तू मला क्षमा करावीस असं मी म्हणत नाही; पण मी खोटं बोललो होतो, हे सगळ्यांनी ऐकावं. माझं चुकलं."